खटक्यावर निघणारी दुर्बीण

बंदुकीवरची दुर्बीण पटकन काढता-घालता यावी, एवढीच माझी इच्छा होती. लोकांनी याहून मोठ्या इच्छा केल्या आणि त्या सुखरूप पारही पडल्या. माझंच नशीब वेगळं.

आमच्या मिशिगनच्या वरच्या टोकाला हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे सण. शाळा बंद, ऑफिसं ओस, त्या आठवड्यात लग्नसुद्धा कोणी ठरवत नाही. माझी मुलगी कायसा बारा वर्षांची झाली तेव्हापासून तो दिवस आम्ही दोघं जंगलातल्या आमच्या खोपटात शेजारी-शेजारी दोन खुर्च्यांवर बसून काढत आलो. बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त थर्मासमधली कॉफी एकमेकांकडे सरकवायची. आयुष्यात मी इतका सुखी दुसऱ्या कुठल्याही खुर्चीत बसलेलो नाही (ऑफिसातल्या खुर्चीत तर नाहीच).

यंदा उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. जावई कर्टिस चांगला मुलगा आहे. (हे मी बायकोसमोर दोनदा कबूल केलं आहे.) त्यांचं घर आमच्याच तळ्याच्या पलीकडच्या काठावर, बरोब्बर समोर. जाताना कायसा म्हणाली, "बाबा, कधीही ये." आता आमच्याकडे "कधीही या" हे पोस्टमनलाही म्हणतात. वार नाही, वेळ नाही, त्याला काय आमंत्रण म्हणायचं? मी नीट आमंत्रणाची वाट पाहत बसलो. मार्लीन, म्हणजे आमची बायको, दर आठवड्याला जाऊन येत होती. तिला आमंत्रण लागत नाही.

शिकारीच्या आधी आम्ही शिकारीत घालायचे नारिंगी कोट आठवडाभर बाहेर दोरीवर टांगतो. अंगाचा, घराचा वास जायला हवा, नाहीतर हरीण मैलावरून ओळखतं. दरवर्षी माझ्या कोटाशेजारी मी कायसाचा कोट टांगायचो, आणि तो दिसला की यंदाही जायचं, हे ती समजायची. यंदा तिचा कोट कपाटात, आणि मी कपाटापुढे उभा. लग्न झालेल्या मुलीचा कोट बापाने टांगावा का? तिला नवऱ्याबरोबर बसायचं असलं तर? आधी तिच्या दोरीवर कोणाचा कोट आहे ते कळलं म्हणजे बरं, असं मी ठरवलं.

तळ्यापलीकडचं दिसायला दुर्बीण हवी. घरात पक्षी बघायची एक होती, पण ती मार्लीनच्या गळ्यात. मागितली असती तर "कशाला?" आलं असतं. दुसरी बंदुकीवर होती, पण ती सहा स्क्रूंनी जखडलेली. आणि जे मारायचं नाही त्याच्यावर बंदूक रोखायची नाही, हा शिकारीचा पहिला नियम. जावयाच्या घरावर तर मुळीच नाही, लोकांना हेतूबद्दल शंका येते. तेव्हा दुर्बीण सुटी व्हायला हवी, आणि परत बसवल्यावर नेमही ढळायला नको. म्हणून दुर्बीण बंदुकीवर धरून ठेवणारं नवं माउंट घ्यायला मी ऑगीच्या बंदुकांच्या दुकानात गेलो.

"झटपट निघणारं माउंट? तुला?" ऑगी म्हणाला. "लेनी, माझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून ती दुर्बीण तुझ्या बंदुकीवर आहे. आता या वयात काडीमोड?"

"बर्फाने काच झाकली तर दुर्बीण काढून साध्या नेमावर येता यावं," मी म्हणालो. हे मी गाडीत पाठ केलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे एवढी तयारी लागतेच.

ऑगीने काउंटरवर तीन माउंट मांडली. "हे नट पिळायचं. घट्ट बसतं, पण काढायला वेळ खातं. हे दोन सुट्या कड्यांचं. हलकं आहे, पण एक कडं रुसलं की नेम गेला. आणि हे अखंड, दोन खटक्यांचं. खटके उघडले, उचललं. परत त्याच खाचेत ठेवून दाबलं, की नेम होता तिथे."

"काढताना आवाज होतो का?"

"हरणाला ऐकू जाईल इतका नाही."

"आणि शेजारच्या खोलीत?"

ऑगीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शेजारच्या खोलीत हरीण आहे?"

मी दोन खटक्यांचं घेतलं.

आमचा साउना तळ्याच्या काठावर आहे. वाफ घ्यायची ही छोटी लाकडी खोली, बाहेर एक ओसरी. सूर्य कलला की मी कोटाखाली दुर्बीण दडवून तिथे जाऊ लागलो.

"परत साउना?" मार्लीन म्हणायची. "कालच तर झाला."

"अंग आखडलंय."

"आता किती धुणार आहेस? सालटं निघतील."

मी ओसरीवर बसायचो. पलीकडची दोरी दिसायची, त्यावर कर्टिसचा तंबूएवढा कोट. एकटाच. एकदा कायसा बाहेर आली, तळ्याकडे बघत उभी राहिली आणि आत गेली. एवढंच. मला तिची फार आठवण येत होती. हे सांगायला वीस मिनिटांचा रस्ता होता आणि मी दुर्बीण लावून बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मग एका संध्याकाळी कर्टिसच्या कोटाशेजारी दुसरा कोट दिसला. लहान, कोरा, नारिंगी.

म्हणजे तिने नवा घेतला. नवऱ्याशेजारी बसायला. बरोबरच आहे, मी स्वतःला सांगितलं, आणि दुर्बीण साउनाच्या वरच्या बाकाखाली, टॉवेलामागे खुपसून घरी आलो. ती परत बंदुकीवर चढवायचं बळ त्या दिवशी हातात नव्हतं.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर साउनाच्या धुराड्यातून धूर. खराखुरा धूर. आणि अंगणात कायसाची गाडी. मी धावलो, पण उशीर झाला होता. कायसा केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. चेहरा लालबुंद, हातात माझी दुर्बीण.

"बाबा, हिला सर्दी झाली होती का?"

मी दुर्बिणीसाठी हात पुढे केला.

"रोज सूर्य कलला की इथे काहीतरी चमकतं," ती म्हणाली. "कर्टिस म्हणतो, तुझा बाप खुणा करतोय, काहीतरी उत्तर दे. मी म्हटलं, त्याला साधं ये म्हणता येत नाही, खुणा कसल्या करतोय?"

"मी दोरी बघत होतो. तुझा नवा कोट दिसला."

"माझा? माझा तर तुझ्या कपाटात आहे. मीसुद्धा रोज तुझीच दोरी बघत होते. नारिंगी ठिपका एकच. म्हटलं, झालं, यंदा बाबाला मी नको."

"मग तो नवा कोणाचा?"

"माझा," मागून मार्लीन म्हणाली. "तू खोपटात एकटा बसणार म्हणून घेतला. तुला कळू नये म्हणून हिच्याकडे टांगला. बोलल्याशिवाय मला दहा मिनिटं बसवत नाही, तरी येणार होते. आता ही आली, सुटले मी. कोट बागेत वापरीन."

मला हसावं की रडावं कळेना. मी आत जाऊन कायसाचा कोट आणला आणि अंधारात दोरीवर टांगला. एका रात्रीत काय वास जाणार, पण टांगला.

सकाळी आम्ही दोघं खोपटात आपापल्या खुर्च्यांवर होतो. मध्ये थर्मास. उजाडलं आणि समोर मोठ्या शिंगांचं हरीण उभं. मी दुर्बिणीत पाहिलं, तर आत दूध ओतल्यासारखं पांढरं. साउनाची वाफ आतपर्यंत शिरली होती. मी दोन्ही खटके उघडले, दुर्बीण उचलली. काडीचाही आवाज झाला नाही, ऑगी खरं बोलला होता.

"मार," कायसा कुजबुजली.

"तू मार."

"बाबा, तुझं आहे ते."

"तू इतक्या दिवसांनी आलीस. आधी तू."

हरणाने आमचं थोडं ऐकून घेतलं आणि ते निघून गेलं. कायसाने कॉफी माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी मला आणखी काही नको होतं.

पुढच्या रविवारी सूर्य कलला आणि सवयीने माझे पाय ओसरीकडे वळले. दुर्बिणीत नुसतं धुकं, आणि त्यात समोरच्या दोरीवर काहीतरी मोठं, पांढरं. कोट नव्हे. कितीही डोळे ताणले तरी कळेना. शेवटी मी घरात गेलो.

"मार्लीन, जरा तुझी दुर्बीण दे."

"कशाला?" (आलंच.)

"पक्षी बघतो."

"कुठला?"

"पांढरा."

तिने गळ्यातून काढून दिली. समोर दोरीवर चादर होती, तिच्यावर काळ्या रंगात हातभर अक्षरं: बाबा, आज सहा वाजता जेवायला ये. वार होता, वेळ होती. माणसाला आणखी काय हवं असतं? मी डोळे पुसून मागे वळलो, तर मार्लीन नवा नारिंगी कोट घालून, हातात ॲपल-पायचं ताट घेऊन दारात उभी.

"चल. मी तासाभरापूर्वीच वाचलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू मागशील का ते बघत होते. आणि खालची ओळ वाचलीस का?"

मी पुन्हा दुर्बीण लावली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: येताना दुर्बीण आणू नकोस, दारातून सगळं नीट दिसतं.