पोत्यांमागची पेटी

तयारी एक: न्यूमोनियाची लस. टोचली.
तयारी दोन: कानाचा स्कॅन. झाला.
तयारी तीन वाचली आणि लहानूच्या हातातला चहा सांडला.

नागपूरच्या दवाखान्यातल्या बाईंनी लिहिलं होतं: ‘कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनआधी तुमचं पेटीवादन रेकॉर्ड करून पाठवा. यंत्र सुरू झाल्यावर आधी सगळं पत्र्यासारखं वाजेल. ओळखीचं वादन रोज ऐकलं की कान शिकेल.’

गुणवंतराव हे गोंडपिपरीजवळच्या एका गावातल्या भीमगीत पार्टीचे पेटीवाले. चार वर्षांपासून ठार बहिरे. त्यांच्याशी बोलायचं ते पाटीवर लिहून. “आत्ताच करू!” ते ओरडले.

ढोलकीवाल्या लहानूने त्यांच्या बायकोला, आशाबाईंना, खुणेने अंगणात बोलावलं.

“वहिनी, मेलो! भाऊची पेटी तं वाजतच नाई!”

ही गोष्ट गुणवंतरावांना ठाऊक नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. भाता हलायचा, बोटं पळायची, आवाज शून्य. उंदरांनी खाल्ली, असं गावानं ठरवलं होतं. कान गेलेल्या माणसाला पेटीही गेली हे सांगणार कोण? म्हणून दर कार्यक्रमात अंगणवाडीच्या उर्वशीबाई पडद्यामागे बसून की-बोर्ड वाजवत.

घरात पडदा नव्हता. धानाची पोती होती.

रेकॉर्डिंग, जसंच्या तसं:

(की-बोर्ड.)
लहानू: वहिनी, हळू बोला!
आशाबाई: काऊन? यायले कुठी ऐकू येते?
लहानू: उर्वशीबाई, गाणं बदला! भाऊनं दुसरंच धरलं.
उर्वशीबाई: पोत्यातून मले त्यायचे बोटं दिसते का गा?
(शिंक. की-बोर्ड बंद. पेटीचा भाता: फस्. फस्.)
लहानू: वाजवा वो!
उर्वशीबाई: नाकात कोंडा गेला!
आशाबाई: लहानू, आपलं बोलणं बी यात उतरून राह्यलं का?
(फस्.)

लहानूने फोनवर झडप घातली. त्याआधी गुणवंतरावांचं बोट पडलं होतं. “पाठवलं!”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘वादन छान आहे, काका. फक्त पोत्यामागच्या बाई कोण?’

“छान?” गुणवंतरावांनी फोन सगळ्यांसमोर धरला. “पेटी वाजतच नाई, तं छान कशी?”

लहानूने पाटीवर लिहिलं: ‘उंदरानं खाल्ली. माफ करा.’

“तो उंदीर मीच हाव.”

त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा आणून उपडा केला. पेटीचे सारे पितळी सूर खळखळत चटईवर पडले.

“गाणारा कोणत्या पट्टीत चालला, मले समजेना. तुमचं गाणं नासू नये म्हणून मीच काढले. वाटलं, कोणी तरी म्हणन, भाऊ, पेटीबिना मजा नाई. चार वर्षं कोणी बोललं नाई! कालची फुसफूस बी त्यासाठीच पाठवली, आता तरी कोणी खरं सांगन म्हणून. माही गरजच नव्हती, असं समजून चाललो होतो मी.”

उर्वशीबाईंनी पाटी ओढली. ‘तुमच्या पेटीची गरज होती म्हणून तं मी पडद्यामागे लपून की-बोर्ड वाजवत होती.’

गुणवंतरावांनी वाचलं, नाक ओढलं आणि पेचकस मागितला. “मंग आता माहं खरं वादन पाठवतो.”

दुपारभर त्यांनी सूर बसवले. कोणता कुठला, हे ऐकू येत नसल्यानं सगळा अंदाजाचा कारभार. मग ते वाजवायला बसले. ‘सा’ दाबला की म्हातारा खोकल्यासारखं व्हायचं. ‘प’ दाबला तेव्हा म्हैस दावं तोडून गोंडपिपरीच्या रस्त्याला लागली.

आशाबाईंनी लिहिलं: ‘यंत्र लावल्यावर हे ऐकून डाक्टरसंग भांडसान.’

“भांडन! पण माहं हाय!” त्यांनी पाठवलं.

पाच मिनिटांत उत्तर: ‘काका, पहिलंच वापरू.’

गुणवंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पेटी उचलून उर्वशीबाईंपुढे ठेवली.

“नीट लावा वो सूर,” ते दरडावून म्हणाले. “महिन्यानं मी ऐकणार हाव.”