ही लाईन कुणी लावली?

द्वारकाबाईंच्या घागरीच्या बुडाला हरभऱ्याच्या दाण्याएवढा पोचा होता. त्यामुळे ती सपाट जमिनीवरही जराशी डावीकडे कलून उभी राहायची. त्र्याहत्तर सालच्या दुष्काळी उन्हाळ्यात, उस्मानाबादेत मुलाच्या खोलीला कुलूप दिसलं, तेव्हा त्यांनी ती दाराशी टेकवली.

"शहराला म्या भीत न्हाय. दोन दिवसांत माघारी येते बघा!" असं त्यांनी जळकोटच्या फाट्यावर कंडक्टरलाच ठणकावलं होतं. मुलगा व्यंकट खरेदी-विक्री संघात कारकून. 'गाव सोड, कायमची इकडं ये,' असं तो दोन वर्षं लिहीत होता. द्वारकाबाई उत्तरात नुसती खुशाली कळवायला लावत.

शहर त्यांना मोठं गमतीचं वाटलं. चष्मेवाले साहेब सायकलला डबे लटकवून वऱ्हाड चुकल्यासारखे पळत होते! भांडं प्रत्येकाच्या हातात, पाणी कुणाच्याच भांड्यात नाही.

पाय मोकळे करून त्या परतल्या, तर घागरीमागं अकरा भांडी!

"अगं बाई, हितं पानी येतंय व्हय?" त्या हरखून पुढं घुसल्या.

"ओ मावशी, लाईनीत या!" दुसऱ्या नंबरची पुतळाबाई हंडा आपटत गरजली.

"पहिली घागर माझीच हाय. बुडाला पोचा हाय, बघा."

"पोचा समद्यांच्याच बुडाला हाय! मागं व्हा!"

आपणच लावलेल्या लाईनीत द्वारकाबाई घागर उचलून बाराव्या उभ्या राहिल्या. पाणी मिळणार म्हटल्यावर अपमानाचं काय एवढं!

पाचपर्यंत लाईन गल्लीबाहेर गेली. टँकर तुळजापूरहून येणार, असं एकीनं छातीठोक सांगितलं. नळ दाराआडच आहे, असं दुसरीनं शपथेवर सांगितलं. दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या.

आई आज येणार म्हणून व्यंकट कामावरून थेट घरी आला. आपल्या दारापुढं एवढी माणसं पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! माझी आई कुठाय?"

"हितं हाय रे! बाराव्या नंबरला. सोडून येता येत न्हाय!"

"कसली लाईन? इथं नळ नाही, टँकर येत नाही. ही माझी खोली आहे!"

कुणी जागचं हललं नाही. तो खोटं बोलत असेल तर बरं, असंच सगळ्यांना वाटत होतं.

"मग ही लाईन कुणी लावली?" पुतळाबाईनं विचारलं.

"म्या," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "नुसती टेकवली होती, बाई."

पुतळाबाई खालीच बसली. "घरी लेक बाळंत झालीय. इहिरीवरचा नंबर सोडून आले म्या."

व्यंकटनं कुलूप काढलं. आत अर्धा माठ पाणी होतं, दोन दिवस पुरवायचं. द्वारकाबाईंनी व्यंकटकडं न बघता तो माठ पुतळाबाईच्या हंड्यात रिता केला. पुतळाबाई हंडा उचलून निघाली. बाकीची भांडीही खणखणत पांगली.

व्यंकट उंबऱ्यावर टेकला. "बघितलंस ना? इथंही हेच. आता मी आग्रह करत नाही. उद्या सकाळची एसटी आहे."

द्वारकाबाईंनी घागर आत घेतली.

"गावाकडं ही मांडली, तर मागं उभं ऱ्हायला मानूस उरलं न्हाय, बाबा. आळीत म्या एकलीच. म्या हितंच ऱ्हाते, व्यंकट."