अकरा कृष्णांचं जेवण

"डेटा मॉडेल म्हणजे काय मोठं? माणसं ओळखता आली की झालं!" तारिहाळच्या पंप कारखान्यात हजेरी सांभाळणारे सुधींद्रराव असं छातीठोकपणे सांगत. बावन्नाव्या वर्षी त्यांनी विद्यानगरात संगणकावर तक्ते जोडायला शिकवणारा रविवारचा क्लास लावला होता, आणि शिकवणाऱ्या पूजाला तिचाच विषय ते समजावून सांगत.

पूजा म्हणाली, "काका, दोन तक्ते जोडताना टोकन नंबर घ्या. एकाच नावाचे दोघं निघतात."

"छे छे! माणसाला नंबरानं ओळखायचं? कारखाना आहे की तुरुंग?" सुधींद्ररावांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी हजेरीचा तक्ता आणि कँटीनचा तक्ता नावानं जोडले.

आता ऐका, त्या कारखान्यात कृष्णा होते अकरा! संगणकानं प्रत्येक कृष्णापुढं अकराही कृष्णांची ताटं वाढली. अकरा अकरे एकशे एकवीस!

सोमवारी सुधींद्ररावांनी मालक गुरुप्रसाद यांच्यासमोर पडद्यावर रंगीत खांब उभे केले. हजर दोनशे, जेवले तीनशे अकरा. मालकांनी चष्मा काढला. "एनिदु? हे काय? शंभरावर ताटं जातात कुठं? बोलवा त्या धोंडिबाला!"

धोंडिबा वीस वर्षं कँटीन चालवत होता. हात पुसत आला, पडद्याकडं बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "मालक, एक भाकरी जरी घरी नेली असेल तर हात झडतील माझे." मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

अकराचा पाढा सुधींद्ररावांना नेमका तेव्हाच आठवला. गप्प बसले असते तर त्यांची अब्रू राहिली असती, पण धोंडिबाची? ते उठून मालकांना म्हणाले, "अण्णा, तो चोर नव्हे हो. गाढव मी आहे!"

सगळ्यांसमोर त्यांनी टोकन नंबर घेऊन तक्ते पुन्हा जोडले. खांब झरकन खाली आले. धोंडिबाचा जीव भांड्यात पडला. मालकांनी चक्क त्याची माफी मागितली!

"पण माणसं दोनशे, मग जेवणं दोनशे एक कशी?" मालक पडद्याजवळ गेले. "टोकन सत्तेचाळीस. रोज दोन ताटं! कोण हा?"

धोंडिबा छताकडं बघत राहिला.

सुधींद्ररावांनी हळूच हात वर केला.

"अण्णा... त्याच्या हातची आमटी फार छान असते हो."