पंढरीकाकांच्या गच्चीवरची पवनचक्की

टूं... टूं... धाकटा आत्ता कुठं झोळीत डोळे मिटत होता, पाच वर्षांची वर्षाही कधी नव्हे ती गप्प बसून चित्र रंगवत होती, आणि नेमका तेव्हाच इन्व्हर्टर कण्हायला लागला. योगितानं धावत जाऊन बटण दाबलं. बॅटरी पुन्हा रिकामी. आठवड्यातली चौथी वेळ.

नवल म्हणजे त्या बॅटरीला नवऱ्यानं गच्चीवरून वाऱ्याची वीज जोडली होती. जव्हारच्या बाजारात पंपाच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरून देणाऱ्या देवानंदनं तीन वर्षं खपून पवनचक्की बनवली होती, कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर मावेल एवढी. पाती प्लॅस्टिकच्या पाइपातून कापलेली, मोटार भंगारातली. पहिल्या चक्कीची पाती उडून शेजारच्या पडवीत गेली. दुसरी कठड्याला आपटून येणाऱ्या वाऱ्यानं बावचळली आणि दिवसभर नुसती तोंड फिरवत बसली. ही तिसरी. घरमालक पंढरीकाकांनी बजावलं होतं, "रविवारी जिन्यातला दिवा हिच्यावर लागला तर राहू दे. नायतर उतरव, आणि परत गच्चीचं नाव काढू नको."

तिसरी बसवल्यापासून गरगर फिरत होती. देवानंद तिच्याकडं असा बघायचा, की वर्षाच्या बारशालाही त्यानं कुणाकडं तसं बघितलं नव्हतं.

लाईट येऊन बॅटरी पुन्हा भरायला लागल्यावर योगिता ओली दुपटी घेऊन वर गेली. पंढरीकाकांची आई, रुपीआजी, साखरशेतहून नाचणीची पोती घेऊन आली होती. चक्कीसमोर सूप धरून ती उभी होती, आणि मागं शेजारच्या पुतळी नि शीला आपापली सुपं घेऊन नंबर लावून.

"आजी, हे काय?"

"उफणतेय. गावाला वाऱ्याची वाट बघत खळ्यावर दिस जातो. हा कसा, सांगितलेलं ऐकतो."

योगितानं दुपटी दोरीवर टाकली. ती सरळ लोंबत राहिली. कठड्यावरच्या तुळशीचं पानही हलत नव्हतं. वारा नव्हताच, तरी चक्की गरगरत होती.

खाली येऊन तिनं इन्व्हर्टरची चक्कीकडं जाणारी वायर काढली.

"गं योगिता," वरून आजी ओरडली, "वारा पडला."

तिनं वायर परत लावली.

"आला, आला."

संध्याकाळी देवानंदसमोर भाकरी ठेवत ती म्हणाली, "अहो, करंट उलटा जाऊ नये म्हणून तो डायोड असतो ना, तो बसवला होता?" तीन वर्षं जेवताना दुसरा विषय नव्हता, तिला सगळं पाठ होतं.

देवानंदचा घास हातातच राहिला. चक्की बॅटरी भरत नव्हती. बॅटरीच चक्कीला फिरवत होती.

डायोड बसला. रविवारी चक्कीही बसली, एक गिरकी नाही. पंढरीकाकांनी जिन्यातलं बटण तीनदा दाबलं, मग अंधारातच म्हणाले, "उतरव."

देवानंद पाना घेऊन वर गेला, मागोमाग काका. चक्कीखाली आजी सूप घेऊन उभी.

"हात लावून तर बघ. माझी दोन पोती राहिलीत."

"आये, ती लाईट बनवायची चक्की हाय," काका म्हणाले, "तुझं खळं नाय."

"मग लाईट तू दे तिला. तुझ्या घरात हाय का नाय?"

पंढरीकाकांनी अख्ख्या जव्हारशी वाद घातला होता, आईशी कधी नाही. ते गुपचूप खाली गेले आणि स्वतःच्या घरातल्या इन्व्हर्टरची वायर खिडकीतून वर सोडली. देवानंदनं स्वतःच्या हातानं डायोड काढला. चक्की गरगर फिरली, भूस उडालं, बायकांनी नंबर लावले.

"नाचणीमागून भात हाय, भातामागून उडीद," आजीनं सांगितलं. "वरसभर हितंच राहील ही." मग देवानंदची पाठ थोपटली. "लय गुणी पोर. असला पंखा मी जन्मात नाय बघितला."

इतका वेळ पडलेला देवानंदचा चेहरा जरा उजळला. त्यानं कॉलर नीट केली आणि योगिताकडं बघितलं. तिनंही हसून मान डोलावली. तेवढ्यात वर्षानं तिचा पदर ओढला, आणि बाबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, बाबांच्या आधी कुणाकडंच पंखा नव्हता?"