झाकलेल्या जागेचा रंग

आमच्या शेजारच्या वसंतभाऊजींसमोर जुन्या कॉम्प्युटरला 'पांढरा' तेवढं म्हणू नका. भरल्या ताटावरून उठतील. "पांढरं मीठ असतंय, वहिनी! ही साय हाय. तो तिकडचा ज्वारीची भाकरी. आणि ह्यो कोपऱ्यातला, खव्यात चिमूटभर राख पडल्यावानी." मला मेलीला तिन्ही सारखेच दिसतात.

भाऊजी नि त्यांची बायको शकू, दोघांनी मिळून इथं सोलापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवला. ते दुरुस्तीचं बघायचे, ती मुलींना टायपिंग शिकवायची. क्लास बंद पडला, पुढं शकूही गेली. आता घरभर ते जुने डबे आणि मधोमध भाऊजी.

हे डबे म्हणे उन्हानं पिवळे पडतात. मग मूळ रंग कळायचा कसा? भाऊजींचं उत्तर ठरलेलं. "झाकलेल्या जागी बघायचं की!" ही खोड इतकी, की माझ्या नातीला बघायला आलेल्या मुलाला चहा देता देता म्हणाले, "जरा घड्याळ काढता का?" पोरानं घाबरून काढलं. भाऊजींनी त्याचं मनगट दारातल्या उजेडात धरलं. "मूळचा गव्हाळ हाय, वहिनी. फिरतीचं काम दिसतंय." तरी लग्न जमलं हो! नातजावई अजून त्यांच्यासमोर घड्याळ घालत नाही.

पार्लरमधलं केसांचं ब्लीच डब्याला चोपडायचं, प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारी उन्हात ठेवायचं, हा त्यांचा उद्योग. नुसतं ऊन पिवळं करतं, ब्लीच लावलं की तेच ऊन उजळवतं म्हणे. एकेक करून सगळे उजळले. उरला शकूचा.

"ह्यो पहिल्यासारखा केल्याबिगर मी मरत न्हाय," भाऊजी म्हणायचे. पण पहिला रंग कोणता, तेच आठवेना. साय की भाकरी? स्टिकर तर मुलींनी केव्हाच खरवडलेले, झाकलेली जागा उरलीच नव्हती.

मे महिन्यातल्या एका दुपारी म्हणाले, "आज लावायचंच. अंदाजानं लावू." मी फडकं घेऊन बसले. खिडकीकडच्या अंगाची धूळ पुसताना फडक्याला काहीतरी आलं. मरून रंगाची टिकली. घामानं सुटली की शकू ती मॉनिटरलाच चिकटवून ठेवायची. आणि टिकलीखाली एवढासा गोल, जरासुद्धा न पिवळलेला.

भाऊजी चष्मा कपाळावर सारून वाकले, ते वाकलेच राहिले.

"साय," म्हणाले. "सायच होती की."

"मग झालं तर!" मी ब्रश बुडवला. "संध्याकाळपर्यंत सगळा असाच होईल बघा. हा गोल शोधूनसुद्धा सापडायचा नाही."

त्यांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. ब्लीचच्या डबीला झाकण लावलं, घट्ट.

"आज ऱ्हाऊ द्या, वहिनी. ऊन बरोबर न्हाय."

गच्चीवर पाय ठेवला तर फोड आला असता. भाऊजी टिकली त्या गोलावर ठेवून अंगठ्यानं दाबत होते. जुना गोंद, धरेना. मी उठले, घरातून भाताची दोन शितं आणून त्यांच्या हातावर ठेवली.