खोलीपुरता आवाज

आमच्या गावात जुलै महिन्यात दहाच्या सुमारास अंधार पडतो आणि दहाच्या ठोक्याला शांतता लागू होते. या दोन गोष्टी वर्षानुवर्षं एकमेकींच्या वाटेला न जाता सुखानं नांदत होत्या. मध्ये सिनेमा आला.

गावाचं नाव लिहीत नाही. डाटेनशुट्झ, म्हणजे माहितीची गोपनीयता, इथं फार कडक आहे. नेकार नदीच्या काठी आहे आणि गावातली निम्मी माणसं सकाळच्या गाडीनं नेकारसुल्मच्या कारखान्यात जातात, त्यात माझा नवरा गुरुदत्तही असतो, एवढं पुरे.

या गावाचं फ्रान्समध्ये एक जुळं शहर आहे. तिथं दर उन्हाळ्यात चौकातल्या भिंतीवर छोटे सिनेमे दाखवतात. लोक पाव, चीज आणि कडेवर एखादं बाळ घेऊन येतात, फरशीवर बसतात आणि अंधार पडला की सिनेमा सुरू होतो. अंधार पडल्याचं कोण ठरवतं, असं आमच्या नगरपालिकेनं लेखी विचारलं, तेव्हा तिकडून ‘सूर्य’ असं एका शब्दात उत्तर आलं. त्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही नसल्यामुळे ते ग्राह्य धरलं गेलं नाही.

तर यंदा त्या शहरानं सुचवलं, की महोत्सवाची एक संध्याकाळ आमच्याकडेही व्हावी आणि इथल्या लोकांनीच केलेले छोटे सिनेमे दाखवावेत. नगरपालिकेनं ती संध्याकाळ ‘विविधतेचा उन्हाळा’ या योजनेखाली आमच्या महाराष्ट्र मंडळाला दिली. मंडळानं ती एकमतानं स्वीकारली, कारण बैठकीत तो शेवटचा विषय होता आणि जेवण गार होत होतं.

मी एक सिनेमा केला होता. नाव ‘मटार’. लांबी चार मिनिटं. माझी मुलगी अन्वी किटामध्ये, म्हणजे बालवाडीत गेली की स्वयंपाक आणि धुणं यांच्या फटीत जो वेळ सापडेल, त्यात तो जोडला. त्यात माझ्या सासूबाई, म्हणजे आई, आणि पाच वर्षांची अन्वी बाल्कनीत बसून मटार सोलतात. कॅमेरा सबंध वेळ त्यांच्या चार हातांवर. आई मराठीत बोलतात, अन्वी जर्मनमध्ये उत्तरं देते आणि दोघींचं कुठंही काही अडत नाही. शेवटी एक दाणा घरंगळत कुंडीखाली जातो. अन्वीचा हात त्याच्यामागे जातो, तेव्हा आई म्हणतात, “राहू दे गं. तिथं बरं वाटत असेल त्याला.” संपला सिनेमा. त्या एका वाक्यासाठी बाकीचा केला होता म्हटलं तरी चालेल.

आईंचा व्हिसा संपत आला होता. शनिवारी महोत्सव, रविवारी विमान.

“मी त्या लॅपटॉपवर बघणार नाही हं,” त्यांनी आधीच बजावलं होतं. “एकदम मोठ्या पडद्यावर. चिंचवडला अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय मी.” त्यामुळे मी आणि अन्वी लॅपटॉपवर तोच तो सिनेमा पुन्हा पुन्हा लावायचो आणि आई पोळ्या लाटत आमच्याकडे पाठ करून नुसतं ऐकायच्या.

परवानगीसाठी मी आणि मंडळाचा अध्यक्ष केतन, सुव्यवस्था खात्यातल्या हेर, म्हणजे श्रीयुत, श्टाइनले यांना भेटलो. अत्यंत सज्जन गृहस्थ. बुडबुड्यांचं पाणी हवं की साधं, हे त्यांनी आधी विचारून घेतलं.

“सिनेमे कधी दाखवणार?”

“अंधार पडल्यावर,” केतन म्हणाला. “दहानंतर.”

“दहानंतर ध्वनी नाही.”

“मग दहाच्या आधी दाखवू.”

“दहाच्या आधी उजेड आहे. पडद्यावर काही दिसणार नाही. न दिसणारा सिनेमा दाखवणं ही प्रेक्षकांची दिशाभूल. ते खातं दुसऱ्या मजल्यावर.”

“म्हणजे ऐकू येईल तेव्हा दिसणार नाही आणि दिसेल तेव्हा ऐकू येणार नाही?”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” हेर श्टाइनले म्हणाले. आपला नियम कुणाला तरी इतका नेमका समजला, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

मी हेडफोनचं विचारलं.

“आल्झो… तर, कल्पना छान आहे. पण आग लागली तर बाहेर पडायची सूचना भोंग्यावरून द्यावी लागेल. हेडफोन घातलेल्यांना भोंगा ऐकू येणार नाही. आणि भोंगा दहानंतर बंद.”

“आग लागली तरी?”

“आगीचा अर्ज तुम्ही केलेला नाही.”

केतननं खिशातला रुमाल काढून परत ठेवला. “दहानंतर काहीच आवाज चालत नाही का हो?”

“चालतो की. त्सिमरलाउटश्टेर्के. खोलीपुरता आवाज. खोलीबाहेर जाणार नाही इतपत.”

“पण ते मैदान आहे,” मी म्हटलं. “खोलीच नाही.”

हा मुद्दा त्यांना पटला. त्यांनी एक जाड पुस्तक उघडलं, पुष्कळ वाचलं आणि माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. “खोली नसेल, तर पानांच्या सळसळीइतका.”

मग त्यांनीच आपणहून एक वाट सुचवली. परंपरेला सूट आहे. उघड्यावर सिनेमा पाहणं ही तुमची परंपरा आहे का?

“फार जुनी!” केतन म्हणाला. “गावोगाव तंबू, गावोगाव पडदे…”

“या गावात?”

“या गावात… नाही.”

“या गावात सलग दहा वर्षं झालं की परंपरा. आधीची नऊ वर्षं शांतपणे करा.”

त्या रात्री केतननं तोडगा काढला. कारखान्यात नियोजन विभागात असल्यामुळे त्याला वेळेचे तुकडे छान पाडता येतात. आठ ते दहा सगळ्या सिनेमांचा नुसता आवाज ऐकवायचा. दहानंतर नुसतं चित्र दाखवायचं. मधल्या वेळात प्रेक्षकांनी आवाज लक्षात ठेवायचा. हेर श्टाइनले यांनी हा प्रस्ताव आदर्श ठरवून त्यावर शिक्का मारला.

“म्हणजे आधी मी बोलणार आणि मग दिसणार?” आई म्हणाल्या. “तुझे सासरे असेच होते. आवाज आधी यायचा, माणूस मागून.” पण आवाज येणार म्हटल्यावर त्यांनी मोरपंखी साडीला इस्त्री केली.

शनिवारी संध्याकाळी मैदान भरलं. कडेच्या भिंतीवर पडदा लावला होता. आईंनी साडीवर गुरुदत्तचं जाकीट घातलं होतं आणि मांडीवर अन्वी होती. बॅटरीवरचा दिवा लावून उद्घाटन झालं, कारण ज्योत चालत नाही. नारळ फोडला नाही, नुसता दाखवला. मग केतननं माइक हातात घेतला आणि त्याच्या लक्षात आलं की दहापर्यंत माइकला परवानगी आहे. अशी परवानगी परदेशात मराठी माणसाला रोज मिळत नाही.

नगरपालिकेच्या बाईंना शाल दिली. ती शाल स्वीकारण्याची त्यांना परवानगी आहे का, याची त्यांनी फोनवर खात्री केली. मग आजी-माजी कार्यकारिणीचा सत्कार झाला. मग कोलोनहून खास आलेले यशवंतराव ‘दोन शब्द’ बोलायला उभे राहिले. विषय होता, परदेशात मायबोली.

“फ्रेंड्स,” यशवंतराव म्हणाले, “आपली मुलं मराठी का बोलत नाहीत? व्हाय? घरात कोणी त्यांच्याशी बोलतं का? दिस इज अ व्हेरी सीरियस इश्यू. मुलाच्या तोंडून एक मराठी वाक्य ऐकण्यासाठी माझे कान आतुर झालेत!”

टाळ्या पडल्या. मागे घसरगुंडीवर त्यांचीच नातवंडं जर्मनमध्ये भांडत होती.

मी कडेनं केतनपाशी गेले. “केतन, सिनेमांचे आवाज?”

“हो हो. हे आभारप्रदर्शन झालं की लगेच.”

आभार पडद्याचे झाले, खुर्च्यांचे झाले, फ्रान्सचे झाले. हवामानाचे आभार सुरू असताना चर्चच्या घंटेनं दहाचे टोल दिले. टोल इतके मोठे होते की अन्वीनं कान झाकले. घंटेला सूट आहे. ती परंपरा आहे. हेर श्टाइनले यांनी हात वर केला आणि गुरुदत्तनं स्पीकरची वायर काढली.

“माझा आवाज?” आईंनी हळूच विचारलं.

“राहिला, आई.”

त्यांनी जाकिटाची चेन तेवढी वर ओढली.

दोन मूक सिनेमे झाले आणि मग भिंतीवर चार हात आले. बाल्कनीत कधी लक्षात आलं नव्हतं, पण आईंच्या बोटांवरच्या सुरकुत्या त्या भिंतीवर नदीसारख्या लांब दिसत होत्या. शेंग उकलली. दाणे परातीत पडले. आवाज झाला नाही. लोक मोबाइल काढू लागले, कारण दोन माणसं मुकाट्यानं मटार सोलतात, यात पाहण्यासारखं काय असतं?

तेवढ्यात मांडीवरून आवाज आला.

“अशी नाही गं. पोटावर दाब. हां. बघ, कशी हसली शेंग!”

अन्वी होती. मराठीत. आजीच्याच हेलात, आजीच्या प्रत्येक शब्दाला तिच्या हाताच्या हालचालीवर अचूक बसवत. जी मुलगी दूध हवं का विचारलं तरी “या”, म्हणजे हो, म्हणते, ती सांगत होती, “टुणकन पळाला बघ! कुठं गेला गं लबाड?”

भिंतीवर छोट्या बोटांनी एक शेंग ओढून घेतली. इथं अन्वीचं स्वतःचं वाक्य होतं. पण अन्वी तर आजी झालेली. एक क्षण गेला, आणि आई, ज्यांना निरोपाच्या ‘च्युस’शिवाय जर्मनचा शब्द येत नाही, हळूच म्हणाल्या, “नाइन, आजी. दी इस्ट माइने.”

पोळ्या लाटता लाटता पाठ झालेलं होतं ते. नाही आजी, ती माझी आहे. अन्वी खुदकन हसली आणि पुढचं आजीचं वाक्य घ्यायला तिनं श्वास घेतला.

“शूऽऽ!”

पहिला शूऽऽ कोणाचा, ते सांगता येत नाही. दुसरा यशवंतरावांचा, कारण माइक नसतानाही त्यांचा आवाज ओळखू येतो. मग पुढच्या रांगेचा, मग मागच्या. दहा वाजून गेलेत! कळत नाही का! शूऽऽ! सबंध मंडळ एकदिलानं उठलं. असं ऐक्य मी त्याआधी फक्त श्रीखंडाच्या रांगेत पाहिलं होतं.

अन्वीनं बोट ओठांवर ठेवलं. किटात तसंच शिकवतात.

भिंतीवर दाणा कुंडीकडे घरंगळत निघाला होता. तेवढ्यात हेर श्टाइनले यांच्या हातातलं आवाज मोजायचं यंत्र लाल झालं आणि त्यांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला.

“मुलीचा आवाज?” मी विचारलं.

“नाही, नाही. मुलगी आणि आजी सळसळीत बसतात,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “हे बाकीचे बसत नाहीत.”

अंधारात आई तशाच बसून होत्या. “झाला का गं?”

“झाला, आई.”

“दाणा गेला कुंडीखाली?”

“गेला.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि अन्वीचा बूट शोधू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या चिंचवडला गेल्या. बिल्डिंगमध्ये त्यांनी सिनेमा फार सुंदर झाला असंच सांगितलं आहे.

नगरपालिकेनं पुढच्या वर्षाची परवानगी तत्परतेनं दिली. अट एकच: मुलं आणू नयेत, कारण त्यांच्यामुळे मोठी माणसं आवाज करतात. मंडळानं अट एकमतानं स्वीकारली आणि त्या संध्याकाळी ‘आपली मुलं मराठी का बोलत नाहीत?’ या विषयावर दहाच्या आत परिसंवाद ठेवला. पहिला शूऽऽ कोणी केला, याचीही चौकशी झाली. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: आपण फक्त शेजारच्याला गप्प करत होतो.

हल्ली व्हिडिओ कॉलवर आई विचारतात, “काय केलंस गं आज शाळेत?” अन्वी तोंड उघडते, थांबते आणि मला विचारते, “ममा, इस्ट एस शोन त्सेन?” दहा वाजले का?

दुपारचे चार वाजलेले असतात. मी नाही म्हणते. ती तरीही जर्मनमध्येच सांगते.

हे वाचत असताना तुमच्याकडेही कुणी लहान मध्येच काहीतरी सांगायला आलं असेल. तुम्ही त्याला काय म्हणालात, ते कुठं कळवायची गरज नाही. तुमचा आवाज खोलीपुरताच होता.