उरलेले दोन स्क्रू

"चाळीस वर्षं स्कूटरची इंजिनं उघडून बसवली मी. आणि ही एवढीशी लॅपटॉपची बॅटरी मला बदलता येणार नाही? अर्ध्या तासाचं काम!" मिस्त्रींनी फोनवर लेकीला ठणकावलं.

बायको गेली तसं मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं होतं. लॅपटॉप तिचा. आजारपणात तिनं त्यात एक यादी लिहून ठेवली होती, 'कुठे काय' नावाची. 'विम्याचे कागद : कपाटात, चादरींखाली. मीठ : निळ्या डब्यात. साखर : पांढऱ्या. आधी चाखून बघा.' गेले आठ महिने मिस्त्री या यादीवर जगत होते. लॅपटॉप त्यांनी एकदाही बंद केला नव्हता. झाकण उघडलं की यादी समोर! पण आता बॅटरीनं मान टाकली होती. वायर निसटली की यादी गेलीच, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानात द्या ना."

"दोन दिवस ठेवून घेईन म्हणतो तो."

"मग ठेवू दे की!"

"आणि दोन दिवस मीठ कुठे आहे ते मला कोण सांगणार?"

खरं तर मीठ कुठे आहे ते मिस्त्रींना केव्हाच पाठ झालं होतं.

नवी बॅटरी कुरिअरनं आली. बारीक पेचकस कुठे, तेही यादीनंच सांगितलं : 'शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये. तुम्ही तो सोडून सगळं घर उलथंपालथं कराल.' लॅपटॉप घरात आल्यापासून ते तिच्यामागे भुणभुण करायचे, "काम झालं की बंद करत जा तो डबा!" तिनं कधी ऐकलं नाही. आज त्यांनी तो स्वतःच्या हातानं बंद केला.

अकरा स्क्रू निघाले. बॅटरी बसली. नऊ स्क्रू लागले! उरलेल्या दोघांकडे मिस्त्रींनी सराईतपणे दुर्लक्ष केलं. बटण दाबलं. उजेड पडला! आणि त्या उजेडात एक पांढरी चौकट : पासवर्ड?

पासवर्ड नावाची भानगड या घरात आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं. तिला विचारायला हवं होतं. तिला बरंच काही विचारायला हवं होतं.

"लग्नाची तारीख टाका," लेक फोनवर म्हणाली.

"टाकली. नाही म्हणतोय."

"कुठली टाकलीत?... बाबा! ती माझ्या वाढदिवसाची!"

खरी तारीखही चालली नाही. मात्र खाली पासवर्डची खूण म्हणून तिनं लिहिलेली एक ओळ उमटली. मिस्त्रींनी ती फोनवर वाचून दाखवली : 'हे दिवसातून दहा वेळा विचारतात ते.'

"हे म्हणजे तुम्हीच! काय विचारायचात आईला?"

मिस्त्री विचारात पडले. तब्येत कशी आहे, हे तर दहा दिवसांतून एकदा. "चहा झाला का?" टाकलं. नाही. "जेवायला काय?" नाही. "किल्ली कुठे ठेवलीस?" नाही! डोळे भरून आले, अक्षरं पुसट झाली.

"थांब गं, काही दिसेना. माझा चष्मा कुठे आहे?"

पलीकडे लेक किंचाळलीच, "बाबा! काय म्हणालात?"

चष्मा कपाळावर होता. मिस्त्रींनी एका बोटानं एकेक अक्षर शोधून तो प्रश्न टाकला. आणि यादी समोर आली!

सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघायला ते पहिल्यांदाच यादीच्या तळापर्यंत गेले. आजवर मुद्दाम गेले नव्हते. तळाशी पोचलो की ती संपली, असं वाटायचं. तिथे लिहिलं होतं :

'लॅपटॉपची बॅटरी : तुम्ही बदलू नका. कोपऱ्यावरच्या दुकानात द्या. बदललीच असेल, तर उरलेले स्क्रू पोरीला दाखवू नका. हसेल.'

"बाबा? काय दिसतंय? बोला ना!"

"काही नाही," मिस्त्रींनी दोन्ही स्क्रू हळूच खिशात टाकले. "मीठ निळ्या डब्यात आहे."